चंदेरी विजार आणि सव्वा मूठ गहू

पारस,

तुझ्या उठावण्याला मी आले होते. मागच्या ओळीत, खांबाला टेकून. गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, म्हणून पाय पसरून बसले होते आणि वरून पदर ओढला होता. समोर तुझा फोटो. राखाडी सफारी, चकचकीत टक्कल, गिऱ्हाइकाला कापड मोजून देतानाचं ते ओठ मिटलेलं हसू. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. कापडाची पारख, दिल्या शब्दाला जागणं, पर्युषणातले उपास. सगळं खरं. मी वाट बघत होते, आता कोणीतरी ‘वीजघर’चं नाव काढील. कोणी काढलं नाही. त्या हॉलमध्ये तुला चंदेरी विजारीत पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

निघताना तुझ्या सुनेनं हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, “आपण कोण?”

माझी जीभ कशी चालते ते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी ती एवढीच चालली. “टेलरबाई,” मी म्हटलं. “ब्लाऊज शिवायचे मी.”

“हो का,” म्हणाली बिचारी, आणि पुढच्या बाईकडे वळली.

रिक्षात बसल्यापासून मला तिचा राग येत होता. मेहरूणच्या तलावाशी आल्यावर कळलं, राग तिचा नाही, माझाच येतोय. तिनं विचारलं तेच तू मागच्या श्रावणात मला विचारलं होतंस, जरा आडवळणानं. तेव्हाही मी असंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. आता तुझ्यापुढे खरं बोलायला बसले आहे. उशीर झालाय, पण तुला उशिराची सवय आहे. माझ्याकडचा एकही कपडा तुला वेळेवर मिळाला नाही.

तू पहिल्यांदा माझ्या दारात आलास तेव्हा तेविशीतला होतास आणि मी पस्तिशीची. म्हणजे अक्कल यायचं वय झालेलं, अक्कल यायची राहिलेली. आमचे हे धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात. शनिवारी यायचे, सोमवारच्या पहिल्या गाडीनं जायचे. पोरं शाळेत गेली की घरात मी आणि मशीन. तू पुण्याहून शिकून आला होतास, खरं तर शिकायचं टाकून आला होतास, आणि सोबत एक कॅसेट आणली होतीस. तिच्या कव्हरवर चार जण. पिंजारलेले केस, रंगवलेले ओठ, डोळ्यांत काजळ, छाती उघडी. मी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, “या बायांनी ब्लाऊज का नाही घातले?”

“अक्का, गडी आहेत ते.”

“गडी? मग यांच्या आयांना कोणी सांगत कसं नाही?”

तू इतका हसलास की दारातच बसलास. मग पिशवीतून चमचमतं चंदेरी कापड काढलंस. नवरीच्या ओढण्यांसाठी तुमच्या दुकानात आलेलं आणि कोणी न घेतलेलं. त्याची विजार हवी होती तुला. अंगाला चिकटलेली.

गड्याची विजार मी जन्मात शिवली नव्हती. पण तेव्हाची मी म्हणजे काय विचारू नकोस. ‘येत नाही’ हा शब्द तोंडातून निघाला तर नाक कापलं जाईल असं वाटणारी. मी ‘हो’ म्हटलं आणि परकराला घालतात तशी नाडी घालून विजार शिवली. वर दारावर पाटी लावली, ‘येथे फॉरेन फॅशनचे कपडे शिवून मिळतील.’ त्या पाटीनं एकही फॉरेनर आला नाही, आणि आळीतल्या बायका मात्र दोन महिने ब्लाऊज घेऊन आल्या नाहीत. आपलंही असंच चिकटवून शिवील म्हणून भ्यायल्या. मी एक काळा गॉगलसुद्धा घेतला होता. तो घालून मशीनवर बसले की सुईत दोरा ओवता यायचा नाही.

तुझ्या वडिलांच्या गोदामामागची खोली तुम्ही सरावाला घेतली. तिच्या भिंतीला लागून वीज मंडळाची डीपी, म्हणून बँडचं नाव वीजघर. ती डीपी दिवसभर घूं करत असायची आणि त्या घूंवर तू गिटारच्या तारा जुळवायचास. भारनियमन सुरू झालं की सूरही गेला आणि गिटारही गेली. मग रज्जाक एकटाच ड्रम बडवत बसायचा. रज्जाक आधी लग्नाच्या वरातीत ताशा वाजवायचा, त्याला विजेची काही पडली नव्हती. बाकी दोघं यायचे-जायचे. खरं वीजघर म्हणजे तू आणि रज्जाक. आणि मी, असं आपलं मला वाटायचं.

तुझे केस खांद्याखाली आलेले. ते कव्हरवरच्या गड्यांसारखे उभे राहायला हवे होते. फवारा मिळतो म्हणे, पण जळगावात कुठला? मी साड्यांना घालते ती खळ केली, साबुदाण्याची, आणि तुझ्या डोक्यावर ओतली. वाळल्यावर झाले उभे. तुरीच्या तुराट्यांची जुडी बांधावी तसे. चाळीसगावच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला तुला घाम फुटला आणि ती खळ विरघळून काजळासकट गालांवरून ओघळायला लागली. पुढच्या रांगेतली एक पोर रडायला लागली. तुला वाटलं, गाण्यानं रडतेय. मी तुला ते कधी सांगितलं नाही. आता सांगते. ती भ्यायली होती.

आणि असं कान किटवणारं ओरडून गाणारा तो राक्षस दर कार्यक्रमाआधी मला विचारायचा, “अक्का, दिवस आहे ना अजून?” दिवस बुडाला की जेवण बंद. स्टेजच्या मागे, ओठ रंगवलेला, चंदेरी विजारीतला तू डबा मांडीवर घेऊन घाईघाईनं खाकरा मोडत असायचास आणि मी पश्चिमेकडे बघत उभी असायचे. माझ्या आयुष्यात मी सूर्य एवढा कधी पाहिला नाही जेवढा तुझ्या जेवणापायी पाहिला.

धुळ्याच्या कॉलेजचं गॅदरिंग आठवतं का? तिथे तू उडी मारलीस आणि माझी विजार मागून उसवली. उभ्या माणसाचं माप घेतलेलं, उडीचं कोण घेतं? तू खाली आलास, क्षणभर थांबलास, पाठ रज्जाकच्या ड्रमला लावलीस आणि पायाची अढी घालून उरलेली सगळी गाणी तशीच म्हटलीस. पुढच्या आठवड्यात धुळ्यातली पोरं पानाच्या टपरीवर पायाची अढी घालून उभी असायची, असं आमचे हे सांगत आले. वर्कशॉपच्या खाकी कपड्यांतच ते मागे उभे राहून बघत होते. मला म्हणाले, “शिवण उसवलेली दिसली मला. पण पोरगं पळालं नाही.” यांच्या तोंडून कोणाची तारीफ म्हणजे एवढीच.

माझ्या सासरी, शिंदखेड्याला, गणपतीत कार्यक्रम झाला तेव्हा आमचे चुलतसासरे आबा सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसलेले. तुला बघून मला विचारतात, “हाऊ नाच्या शे का?”

मी सांगितलं, आबा, तो गाणारा आहे, मघापासून गातोच आहे.

आबांनी अर्धा तास कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, “मंग काबर नई गास?” मग गात का नाही, म्हणे.

तरीही लोक बोलावत होते. तीन-चार वर्षं धुळे-जळगावात तुमच्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. त्यातल्याच एका श्रावणात तू आमच्या कानबाईच्या सणाला वाजवायला आलास. सोमवारी सकाळी कानबाई देवी डोक्यावर घेऊन बाया विसर्जनाला निघाल्या, पुढे हातगाडीवर तुझी गिटार आणि जनरेटर. आमच्या सासूबाईंची कानबाईची गाणी तू त्या करकरणाऱ्या गिटारीवर उचललीस आणि म्हाताऱ्यासुद्धा फुगड्या घालायला लागल्या. मीही घातली. पाय मुरगळला आणि आठ दिवस मशीन बंद. घरी आल्यावर सासूबाईंनी तुला चहा दिला, मायेनं दिला, पण तू ओट्याशी आलास तशी रोटांच्या पातेल्यावर झाकण सरकवलं. तू पाहिलंस. मीही पाहिलं. रोट म्हणजे घरच्यांचे. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, बाया मोजायच्या नाहीत, दळायचं मात्र त्यांनीच. आणि त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचे, बाहेरच्याच्या तोंडी कण जाऊ द्यायचा नाही. तू बाहेरचा होतास. त्यात कोणाची चूक नव्हती.

मग वारं फिरलं. आधी मंडळवाले म्हणाले, जरा सिनेमातलं वाजवा. वाजवलंत. मग कॅसेटची दुकानं गल्लोगल्ली झाली आणि सगळ्यांना गोड, हळू गाणी हवी झाली. तू घसा दाबून गोड गायला लागलास. मी चंदेरी विजारी आवरून झब्बे शिवले. मग कोणी म्हणालं, भजनं बसवा, नवरात्रात मागणी आहे. तुम्ही भजनं बसवलीत आणि मी भगवे सदरे शिवले. मग कीबोर्ड आला. त्याच्यात ड्रम, बासरी, सनई, सगळंच. एका बटणात रज्जाक. रज्जाकनं ते बटण स्वतःच दाबून पाहिलं आणि म्हणाला, “बरं वाजवतो हा, जेवायलाही मागत नाही.” हसलो आपण तिघं. कोणाचं हसू पुरं झालं नाही. डीपीची खोली वडिलांनी मालासाठी परत घेतली. पण तेवढे केस तू राखले होतेस. झब्ब्यावर, भगव्यावर, मागे बांधून का होईना. केस आहेत तोवर वीजघर आहे, म्हणायचास.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चाळीसगावच्या एका मंगल कार्यालयवाल्यानं पूर्ण लग्नसराई देऊ केली. अट एकच. पांढरे कोट, काळे बूट, आणि केस कापलेले. तू नाही म्हणालास. रज्जाकच्या घरी तेव्हा तीन लहान पोरं. तो तुझ्याकडे गेला नाही, माझ्याकडे येऊन बसला. आणि मी, शहाणी, तुझ्यापुढे उभी राहिले. म्हटलं, केसांचं काय घेऊन बसलास, केस परत येतात.

भर दुपारी माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसलास. कापडाच्या कात्रीनं कापले मी. न्हाव्याकडे का नाही पाठवलं? कारण मला वाटलं, आपल्या हातानं कापले तर तुला कमी लागेल. असली अक्कल. तू आरशात बघत नव्हतास, माझ्याकडे बघत होतास. शेवटची बट पडली तेव्हा म्हणालास, “घरच्या माणसाचा हात थरथरला असता, अक्का.”

माझा हात खरंच थरथरला नव्हता. पंधरा वर्षांचा सराव, कापड धरलं की सरळ रेघ. तू उठलास, मान झटकलीस आणि गेलास. ते केस मी केरात टाकले नाहीत. टाचण्यांच्या उशीत भरले, केसांच्या तेलानं टाचण्या गंजत नाहीत. पुढची कित्येक वर्षं तू यायचास, बोलता बोलता त्या निळ्या उशीत टाचण्या खुपसायचास, काढायचास. काय खुपसतोयस ते तुला ठाऊक नव्हतं. मला दर वेळी हसूही यायचं आणि दर वेळी उठून पाणीही प्यावं लागायचं.

आणि केस परत येतात म्हणून मी छातीठोक सांगितलेलं, तर तुला चाळिशीच्या आत टक्कल पडलं.

त्याच वर्षीच्या श्रावणात गहू मोजायला मी बसले. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, मूठ माझ्याकडे आलेली. मुठी मी घ्यायच्या, नावं मनात म्हणायची, मोजायचं काम जाऊबाईचं. सगळी नावं संपली आणि माझा हात पुन्हा गव्हात गेला. सव्वा मूठ. मनात तुझं नाव.

जाऊबाई म्हणाली, “एक जास्ती झायी वो.”

“कानबाईच्या नावाची,” मी म्हटलं. “आमच्या आत्यासासूबाई टाकायच्या.” अशी कोणी आत्यासासू नव्हती.

त्या सोमवारी तू नेहमीसारखा दुपारी आलास, गंगाफळाची भाजी आवडायची तुला. मी ताटात रोट वाढला आणि म्हटलं, उरलाय, संपवून टाक. तू संपवलास. दर वर्षी संपवत गेलास. लग्नसराईचा बँड आणखी तीन-चार वर्षं चालला, मग डीजे आले आणि पांढरे कोटही पेटीत गेले. तू वडिलांच्या गादीवर बसलास, रज्जाक मालेगावला भावाकडे गेला आणि तिकडेच वारला. आपलं भांडण मात्र चालू राहिलं. घास तोंडात असतानाच तू सुरुवात करायचास, की वीजघरचा फ्यूज तूच काढलास अक्का. मी म्हणायचे, नसता काढला तर घर जळालं असतं. तू म्हणायचास, जळालं असतं तर निदान उजेड पडला असता. मग मी आणखी भाजी वाढायचे. त्या भांडणात तू जिंकलास असं धरून चाल.

ती कानबाईची मूठ आता आमच्या घराण्याची रीत झाली आहे. माझ्या खोट्यावर एवढा कोणाचा विश्वास बसेल असं वाटलं नव्हतं. शिंदखेड्याच्या सुना टाकतात, माझी सून वैशाली टाकते, नातवाला विचारलं तर तोही सांगेल की एक कानबाईची. तुझ्या नावाची मूठ घराघरातून पडतेय आणि कोणाला पत्ता नाही.

मागच्या श्रावणात तू थकलेला होतास. जिना चढायला वेळ लागला. रोटाचा तुकडा मोडलास आणि तोंडात घालायच्या आधी म्हणालास, “दुकानात शिंदखेड्याचं एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हणालं, रोट बाहेरच्याला देत नाहीत. मग मला कसा गं देतेस इतकी वर्षं?”

तू हसत नव्हतास. तुकडा हातात धरून बसला होतास. वैशाली आत होती, दार ओढलेलं, घरात तिसरं कोणी नाही. एक वाक्य होतं, तेवढंच बोलायचं होतं. आणि मी काय म्हणावं?

“तुला आम्ही माणसांत धरत नाही, म्हणून.”

तू हसलास मग. तुकडा खाल्लास. निघताना टाचण्यांच्या उशीवर हात ठेवून क्षणभर उभा राहिलास, आणि दिवस बुडायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून जिना उतरलास. मी गॅलरीतून बघत राहिले. वरून तुझं टक्कलच तेवढं दिसत होतं.

मस्करी करून वेळ काढायची ही सवय मला पस्तिशीत होती ती पंच्याहत्तरीतही आहे. गॉगल तेवढा गेला. आमचे हे गेले तेव्हा तू आला होतास, रज्जाकचं कळलं तेव्हा तुला सांगायला मी होते. आता तू गेल्याचं मी ज्याला सांगावं असं कोणी नाही. विजारीला नाडी होती, खळ विरघळली, आबांनी अर्धा तास ऐकलं, यातलं काहीही मी बोलले तर पोरं मान डोलावतात, म्हातारीला रमू द्यावं म्हणून. ‘खळ दुसऱ्या गाण्याला नाही अक्का, पहिल्यालाच विरघळली’ असं म्हणून मला चूक सांगणारं कोणी उरलं नाही. चूक सांगणारं माणूस गेलं की सगळंच खरं वाटायला लागतं, आणि मग काहीच खरं वाटत नाही.

काल वैशालीनं सूप पुढ्यात घेतलं. कानबाई चार दिवसांवर आली. गहू निवडून झाले होते. ती बोटं मोजायला लागली, यांची एक, धाकट्यांची एक, नातवाची एक. “आणि एक कानबाईची,” म्हणाली.

“थांब,” मी म्हटलं. “यंदा आपले रोट नाहीत.”

तिचा हात गव्हातच राहिला. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी आमच्याकडे रोट होत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. “आई, कोण गेलं?”

“कानबाईची मूठ ज्याची होती, तो.”

मग तिला सगळं सांगितलं. नाडीपासून. तिनं निळी उशी उचलून हातात धरली. संध्याकाळी शिंदखेड्याहून जाऊबाईचा फोन. तिला वैशालीकडून कळलेलं, पण अर्धंच. आता तिलाही कमी ऐकू येतं. ती ओरडून विचारत होती, “कोन गया वो? कोन गया?”

मी गॅलरीत गेले आणि तिच्याइतक्याच मोठ्यानं ओरडले, की शेजारपाजारच्यांनीही ऐकावं. “घरना माणूस गया.”

आत आले तेव्हा वैशाली गहू परत डब्यात ओतत होती. सव्वा मूठ नाही. सगळेच.